राखण्या दवाखान्यात

आमच्या घरात कुलूप लावलेलं कपाट एकच होतं आणि त्यात दागिने नव्हते. त्यात पिस्तुलं होती. तीही अमेरिकेतली, शंभरेक वर्षांपूर्वी तिथल्या माळावरच्या गुराख्यांनी आणि टपालगाडीवाल्यांनी कमरेला लटकवलेली. मी शिकवते त्या मिशनच्या शाळेतल्या बाया मला विचारायच्या, ‘‘मार्थाबाई, तुमच्या मालकांना हा नाद लागला तरी कुठून?’’ मी सांगायची, ‘‘कुणाच्या नवऱ्याला पत्त्यांचा नाद असतो, कुणाच्या तमाशाचा. माझ्या नवऱ्याला गंजाचा आहे. निदान संध्याकाळी घरात तरी असतात.’’

दानिएलराव आधी दौंडच्या रेल्वे शेडमध्ये फिटर होते. पाठीचं दुखणं लागलं तेव्हा नोकरी सोडून आम्ही शिरूरला आलो आणि त्यांनी शेतावरच्या ऑइल इंजिनांच्या दुरुस्तीचं दुकान घातलं. पण नाद दौंडचा. स्वातंत्र्यानंतर तिथले अँग्लो-इंडियन ड्रायव्हर, गार्ड एकेक करून विलायतेला नाहीतर ऑस्ट्रेलियाला चालले होते. जाताना सगळं विकायचे. लोक त्यांच्याकडून पलंग आणायचे, आरसे आणायचे. आमचे दानिएलराव ट्रंकेच्या तळाशी सापडलेला गंजका लोखंडी गोळा छातीशी धरून घरी यायचे आणि मला म्हणायचे, ‘‘मार्था, बघ काय मिळालंय!’’ मी बघायची. मला गंजका लोखंडी गोळाच दिसायचा.

मग तो गोळा रॉकेलमध्ये भिजत पडायचा, बहुतेक वेळा माझ्याच एखाद्या भांड्यात. लोणच्याच्या बरणीत मला स्क्रू सापडले आहेत. कढई काढायला गेले तर तिच्यात नळी तेल पीत पडलेली. त्यावरून आमची भांडणं व्हायची, आणि भांडणात मी कधी हरले नाही, पण भांडीही कधी परत मिळाली नाहीत. एकेका पिस्तुलाच्या घोड्यामागे महिना महिना जायचा. मोडलेली कमान ते स्वतः घडवायचे, कुजलेल्या मुठीच्या जागी शिसवाची मूठ तासायचे. मात्र एक नियम होता. गंज काढायचा, वय काढायचं नाही. घासून नव्यासारखं चकचकीत केलं की ते जत्रेतलं खेळणं झालं, असं त्यांचं मत.

फौजदारसाहेब एकदा कपाट तपासायला आले होते. प्रत्येक नळीत शिसं ओतून ती कायमची बंद केलेली होती. त्यांनी सगळी पिस्तुलं उलटीसुलटी करून पाहिली, चहा घेतला आणि जाताना म्हणाले, ‘‘मिस्त्री, यापेक्षा आमच्या मुलीला तुमच्या बाईंच्या छडीचीच जास्त भीती वाटते.’’

या सगळ्या पसाऱ्याचं मूळ एकच पिस्तूल होतं. दानिएलरावांचे पणजोबा बन्यामीन हे मिशनमधल्या एका पाद्रीसाहेबांचा टांगा हाकत. ते साहेब पाद्री होण्याआधी अमेरिकेच्या माळावर टपालगाडी चालवायचे आणि इकडे येताना एकसारख्या पिस्तुलांची जोडी घेऊन आले होते. मायदेशी परतताना त्यांनी त्यातलं एक बन्यामीनआजोबांना दिलं. दुसरं मोठ्या दुष्काळात साहेब नदीपलीकडे धान्य वाटत फिरत होते तेव्हा तिकडेच कुठेतरी राहिलं, एवढंच घरात माहीत होतं.

आजोबांनी आपलं पिस्तूल छपरात खोचून ठेवलं असावं आणि छप्पर गळत असावं, कारण दानिएलरावांच्या हाती आलं तेव्हा त्याच्या अंगभर खड्डे पडले होते. या जातीच्या पिस्तुलाचं जे फिरतं चाक असतं, ज्यात गोळ्या भरतात, त्यावर जहाजांच्या लढाईचं चित्र कोरलेलं असतं. आमच्या चाकावर त्या सगळ्या आरमारातली एक डोलकाठी तेवढी उरली होती. दानिएलराव भिंगातून ती बघत बसत.

‘‘हिच्याखाली जहाज असणार, मार्था.’’

‘‘डोलकाठी आहे म्हटल्यावर असणारच. झाड थोडंच असणार आहे?’’

मरायच्या आधी याचा जोडीदार एकदा बघायचा, असं ते सगळ्यांना सांगत. इंजिन घेऊन येणाऱ्या शेतकऱ्यांना, पोस्टमनला, आमच्या ख्रिस्ती देवळात उपासनेनंतर भेटणाऱ्या प्रत्येकाला. कपाटात त्या पिस्तुलाच्या शेजारी निळ्या मखमलीचा तुकडा अंथरून जोडीदाराची जागा मोकळी ठेवलेली होती. तिथे मी एकदा माझं शिवणकाम ठेवलं, तर सगळी संध्याकाळ माझ्याशी बोलले नाहीत.

दौंड तालुक्यातल्या राहू गावचा हरिबा हे आमच्या दुकानाचं जुनं गिऱ्हाईक. त्याच्या आज्यापर्यंत घरात मेंढरं होती. आता ऊस होता आणि विहिरीवर इंजिन होतं, आणि ते ऐन पाण्याच्या पाळीला बंद पडायचं. एका बाजाराच्या दिवशी तो दुकानात आला आणि पायरीखालीच वहाणा काढून उभा राहिला. हातात लाल फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. वहाणा काढल्या तेव्हाच मला कळलं की आज इंजिनाचं काम नाही.

‘‘मिस्तरी,’’ तो हळू आवाजात म्हणाला, ‘‘देव आजारी पडल्यात.’’

दानिएलरावांनी पाना खाली ठेवला. ‘‘काय झालं?’’

‘‘आमचा राखण्या हाय न्हवं का घरचा. पणज्याच्या टायमाला दुस्काळात एक गोरा साधू आलता. लांडगं रोज मेंढरं उचलत हुती, राखणीची कुत्री उपाशी मेलेली. साधूनं लांडगं हाकललं आन् जाताना ह्यो राखण्या दिऊन गेला. तवापासनं देव्हाऱ्यात हाय. दर आमावस्येला शेंदूर लावतो. आवंदा खोळ पडली.’’

शेंदराचे थर पिढ्यान्‌पिढ्या चढत जातात आणि एक दिवस ते सगळं कवच आपोआप सुटून येतं. त्याला खोळ पडणं म्हणतात. खोळ नदीत सोडायची आणि देवाला नवा शेंदूर द्यायचा, अशी रीत आहे. हरिबाने खोळ भीमेत सोडली होती. पण आत पाहिलं तर देवाला मुठीपाशी गंज धरलेला.

‘‘आई म्हनली, आजारी देवाला शेंदूर लावू ने. आदी बरं करून आन. आत लोखंड दिसलं, म्हनून तुमची याद आली.’’

दानिएलरावांनी हात पुसले आणि फडकं उलगडलं. फटींत आणि नळीत शेंदूर अजून गच्च होता, पण आकार लपत नव्हता. ते स्टुलावर बसले. मी पाणी आणून दिलं ते त्यांनी घेतलं आणि प्यायलेच नाहीत, तसंच हातात धरून ठेवलं.

‘‘बरं व्हतील न्हवं?’’ हरिबाने विचारलं.

‘‘होतील,’’ दानिएलराव म्हणाले. ‘‘थोडा वेळ लागेल.’’

साधू म्हणजे कोण आणि राखण्या म्हणजे काय, हे त्यांनी हरिबाला सांगितलं नाही. मला ते तेव्हाच खटकलं होतं.

हरिबा गेल्यावर त्यांनी मूठ सोडवली. आत ठोकलेला नंबर आमच्या पिस्तुलाच्या अगदी पाठचा निघाला. मग कोमट तेल आणि मऊ चिंधी घेऊन त्यांनी चाकावरचा शेंदूर हळूहळू सोडवायला घेतला. मी शाळेच्या वह्या तपासत शेजारीच बसले होते. एकदम त्यांचा आवाज बदलला.

‘‘मार्था, इकडे ये.’’

शेंदराखालून जहाज आलं होतं. शिडं फुगलेली, खाली लाटा. त्याच्यामागे दुसरं, मग तिसरं, तोफांच्या धुरासकट. एक रेघही पुसलेली नव्हती. ‘‘दौंडच्या पुलाला गंज चढू नये म्हणून जो लाल रंग देतात, तो शेंदूरच की,’’ ते म्हणाले, ‘‘आणि यांनी पिढ्यान्‌पिढ्या तो दर अमावस्येला दिला!’’ त्यांचे डोळे भरले होते. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या माणसाला इतकं सुखी मी पाहिलं नव्हतं. मला त्यांचा हेवा वाटला आणि फार माया आली.

बातमी गल्लीत पसरायला वेळ लागला नाही. हरिबा दर बाजाराला रस्त्यावरूनच ओरडून विचारायचा, ‘‘देव कसं हायती?’’ दानिएलराव आतून सांगायचे, ‘‘तेल पितायत!’’ समोरचा भाजीवालाही मग मला विचारायला लागला, ‘‘बाई, पाव्हण्या देवाला उतार हाय का?’’ राहूत सगुणाबाई, म्हणजे हरिबाची आई, जो विचारेल त्याला सांगत होत्या म्हणे, की देव शिरूरला दवाखान्यात आहेत. आमचे पाळकसाहेब हेन्री भास्कर एकदा गंभीर चेहऱ्याने आले. ‘‘मिस्त्री, घरात मूर्ती आली आहे असं कानावर आलंय.’’

‘‘मूर्ती नाही, साहेब. पेशंट आहे,’’ दानिएलराव म्हणाले.

पेशंट बरा होऊन बरेच दिवस झाले, तरी सुट्टी मिळेना. हरिबाला दर बाजाराला नवीन काहीतरी सांगितलं जाऊ लागलं. कमान बसायची आहे, मूठ वाळायची आहे. कपाटातली मखमलीची जागा भरली होती. दानिएलराव जेवताना माझ्याकडे बघत नसत.

एका रविवारी उपासनेहून आल्यावर ते आंघोळीला गेले होते. टेबलावर राखण्याचं लाल फडकं नीट बांधून ठेवलेलं दिसलं. चला, आज देव घरी निघाले, असं वाटून मी फडकं सोडलं. आत आमचं खड्ड्याखड्ड्यांचं पिस्तूल होतं.

ते बाहेर आले तेव्हा मी तसंच हातात धरून उभी होते.

‘‘अहो, हे काय?’’

‘‘मावतं का बघत होतो.’’

‘‘फडक्यात मावतं का? हे बघायला फिटर व्हावं लागतं?’’

ते खाली बसले. ‘‘वजन तेच, आकार तोच. शेंदराखाली दोन्ही सारखीच दिसणार, मार्था. त्यांना जहाजं नकोत गं. तिकडे गेली की पुन्हा झाकली जाणार. इथे ती कुणीतरी बघेल तरी.’’

त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं.

‘‘तो त्यांचा देव आहे,’’ मी म्हणाले.

‘‘आपला तर नाही ना? आपल्या लेखी लोखंडच.’’

‘‘मग मागा ना हरिबाकडे! तोंडावर मागा. त्याने दिलं तर घ्या, मी स्वतः मखमल झटकून देते.’’

‘‘आणि नाही दिलं तर?’’

‘‘म्हणून न विचारता घ्यायचं?’’

माझा राग ताटात उतरतो. त्या दुपारी घरात आमटीसुद्धा अळणी झाली आणि ती त्यांनी निमूटपणे खाल्ली. जेवून झाल्यावर मी सांगून टाकलं, ‘‘देव पोचवायला जाल तेव्हा मी बरोबर येणार आहे.’’

पुढच्या बाजाराला हरिबाला निरोप दिला आणि आम्ही निघालो. न्हावऱ्यावरून नदीपर्यंत एसटी, मग होडी, पलीकडे हरिबाची बैलगाडी. दानिएलरावांच्या मांडीवर त्यांची खाकी हत्यारांची पिशवी होती आणि तिच्यावर त्यांचे दोन्ही हात होते. घरातून निघताना कपाटाचं कुलूप त्यांनीच लावलं होतं. पिशवीत कोणतं आहे, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर खरं सांगितलं असतं, एवढी मला खात्री होती. पण मला सांगून त्यांनी मोकळं व्हावं असं मला वाटत नव्हतं. होडीत माझी नजर नदीवर होती आणि मनात मी प्रार्थना करत होते. अशी प्रार्थना आमच्या गीतपुस्तकात कुठे सापडायची नाही.

हरिबाच्या अंगणात निम्मी आळी जमली होती. देव्हाऱ्यात राखण्याच्या जागी तांदळाच्या मुठीवर एक सुपारी मांडलेली होती, आणि समोर दिवा. हरिबाची बायको गीताबाई वाटीत शेंदूर आणि तेल कालवून तयार होती. सगुणाबाई जोत्यावर बसल्या होत्या. मोतीबिंदूने त्यांची दृष्टी जवळजवळ गेली होती.

‘‘आलं का माझं लेकरू?’’ त्यांनी विचारलं.

‘‘आलं, आई,’’ दानिएलराव म्हणाले आणि त्यांनी पिशवी जोत्यावर ठेवली. आतून लोखंडावर लोखंड वाजल्याचा आवाज आला. तेव्हा मला कळलं की दोन्ही आणली आहेत. म्हणजे अजून त्यांचं ठरलेलंच नव्हतं.

त्यांचा हात पिशवीत गेला आणि आतच राहिला. हरिबा हात जोडून उभा होता. मग हात बाहेर आला आणि त्यात राखण्या होता. ऊन पडलं तशी जहाजं मला लांबूनही दिसली.

सगुणाबाईंनी तो मांडीवर घेतला आणि त्यावरून सावकाश बोटं फिरवली. ‘‘ह्ये काय बारीक बारीक लागतंय?’’

‘‘जहाजं आहेत, आई. समुद्रातल्या मोठ्या होड्या. लढाई चाललीय त्यांची.’’

‘‘आगं बया! म्हंजी सारा दर्या घिऊन बसला हुता की ह्यो, आन् आमी त्येला मेंढरं राखाय लावली.’’

सगळं अंगण हसलं. मीही हसले. दानिएलराव पिशवी उचलायला वाकले, तोच सगुणाबाईंनी मान वर केली.

‘‘पिशवीत आनिक कोन हाय?’’

दानिएलरावांनी दुसरं पिस्तूल काढून त्यांच्या हातात दिलं आणि खाली मान घालून सगळं सांगितलं. गोरा साधू म्हणजे आमचे पाद्रीसाहेब. त्यांनी आणलेली जोडी. पणजोबा, गळकं छप्पर. आणि मग तेही सांगितलं. ‘‘माझ्या मनात होतं आई, की हा तुम्हांला द्यावा आणि तुमचा मी ठेवावा. इथे येईपर्यंत होतं.’’

गीताबाईंची वाटी हातातच थांबली. हरिबाचा चेहरा बघवेना. सगुणाबाई मात्र त्या खड्ड्यांवरून बोटं फिरवत राहिल्या, लहान मुलाच्या पाठीवरून फिरवावीत तशी.

‘‘ह्येला लई देवी आल्याल्या दिसत्यात,’’ त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, ‘‘ह्यो दिला आसतास, तरी म्या शेंदूर लावलाच आसता, बाबा. मला काय दिसतंय? आन् लावल्यावर ह्योच राखण्या झाला आसता. पर तुझ्या घरी काय गेलं आसतं? निस्तं लोखंड.’’

दानिएलराव रडले. चारचौघांत, आवाज न करता. मी त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिले, पण हात लावला नाही, कारण लावला असता तर मीही रडले असते. शेवटी हरिबा खाकरला.

‘‘मिस्तरी, येक इचारू का?’’

‘‘विचार.’’

‘‘माझ्या इंजिनातलं सामान तरी माझंच हाय न्हवं, का त्ये बी बदललंया?’’

मग जे हसू फुटलं ते थांबेचना. दानिएलराव डोळे पुसत पुसत हसत होते. हरिबाने शेंदूर लावायच्या आधी राखण्या सगळ्या आळीच्या हातांतून फिरवला. बाया जहाजं मोजत होत्या, म्हातारे धूर कुठला आणि ढग कुठला यावर वाद घालत होते, आणि दानिएलराव भिंग घेऊन जो विचारेल त्याला समजावत होते. इतक्या माणसांनी आमचं कपाट कधी पाहिलं नव्हतं.

सगुणाबाईंनी वाटीत बोटं बुडवली. जहाजं एकेक करून लाल होत गेली. दानिएलराव शेवटचं शीड झाकलं जाईपर्यंत बघत राहिले. ‘‘पुढची खोळ पडेल तेव्हा पुन्हा दिसतील,’’ ते मला म्हणाले. ‘‘तेव्हा आपण नसू.’’ पण आवाजात दुःख नव्हतं.

राखण्या आपल्या जागी बसला. सगुणाबाईंच्या मांडीवर आमचं पिस्तूल अजून तसंच होतं. ‘‘ह्येला गंज खातोय,’’ त्या म्हणाल्या. ‘‘लावू का ह्येला बी?’’

दानिएलरावांनी माझ्याकडे पाहिलं. पणजोबांची वस्तू, देवळाच्या पंचांत बसणारा माणूस, पाळकसाहेब काय म्हणतील, हे सगळं त्या बघण्यात होतं. मी म्हणाले, ‘‘माझ्याकडे काय बघता? जोडी तुम्हांलाच बघायची होती ना?’’

‘‘लावा, आई,’’ ते म्हणाले.

येताना पिशवी रिकामी होती आणि होडीत त्यांनी ती उशाला घेऊन चक्क झोप काढली.

आता कपाटातल्या त्या मखमलीवर मी माझं शिवणकाम ठेवते आणि कुणी अबोला धरत नाही. पाळकसाहेब काही दिवस नाराज होते, मग त्यांचा पंप बिघडला. हरिबा अजून दर बाजाराला रस्त्यावरून ओरडतो, ‘‘मिस्तरी, दोघं बी खुशाल हायती!’’ आणि पुण्याहून, दौंडहून कुणी हौशी माणूस संग्रह बघायला आला आणि त्याने त्या प्रसिद्ध पहिल्या पिस्तुलाची चौकशी केली, की दानिएलराव चहा मागवतात आणि सांगतात, ‘‘ते इथे नसतं. राहूला असतं, त्याच्या भावाकडे.’’